पिऊन नाही, जागून

पाहुणे बाहेरच्या खोलीत बसले होते आणि मी स्वयंपाकघरात पुन्हा पुन्हा एकच कप पुसत होते. "झिजंल त्यो," आई म्हणाली. तिला वाटलं, पोरगी पहिल्यांदाच दाखवतोय, घाबरली असेल. घाबरले होतेच, पण वेगळ्या कारणाने.

मला बघायला आलेला सत्यजीत वरवंडचा. घरच्यांच्या लेखी मी त्याचं तोंड आज पहिल्यांदा बघणार होते. खरं तर दीड वर्षापासून कुरकुंभला आमच्या भेटी चालू होत्या. कंपनी एकच, मी लॅबमध्ये, तो प्लँटवर. जात एक, गावं जवळची, अडचण कसलीच नाही. पण आमच्या न्हावऱ्यात मुलीने स्वतः पसंत केलेला मुलगा म्हणजे घराण्याला बट्टा, आणि तोच मुलगा मध्यस्थाने आणला की सोन्यासारखं स्थळ! म्हणून सत्यजीतने चांगदेवकाकांना गळ घातली आणि स्थळ रीतसर आलं. काकांचा लग्नं जमवण्यात हात बसलेला. त्यांनी एक खोटं पदरचं घातलं, की मुलगा कायम दिवसाच्या शिफ्टला असतो. रात्रपाळीच्या मुलाला लोक मुलगी द्यायला कुरकुरतात म्हणे.

आणि नेमका काल सकाळी त्याच्या जागी पाळीवर येणारा माणूस आलाच नाही. मग नाइटनंतर दिवस, दिवसानंतर पुन्हा नाइट, असा तो कंपनीतच अडकला. सकाळी त्याचा मेसेज आला, 'इथंच अंघोळ करून थेट येतो.' तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नव्हता.

चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलंच. डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या. कपबशी उचलताना त्याचा हात थरथरला आणि चहा बशीत सांडला.

हे सगळं हौसरावमामा बघत होते. आईचे थोरले भाऊ. बैलबाजारात त्यांच्या नजरेला मान आहे. लांबून नुसती चाल बघून ते बैलाची खोड सांगतात. माणसांनाही तेच माप लावतात, आणि आमच्या घरात त्यांनी नाही म्हटलेलं स्थळ कधी परत आलेलं नाही.

"डोळं लाल कशानं वो, पाव्हणं?" मामांनी विचारलं.

सत्यजीतने चांगदेवकाकांकडे पाहिलं. काका घाईघाईने म्हणाले, "गाडीवं आलाय न्हवं. ऊन, धूळ..."

"आन् हात?"

काकांनी कप तोंडाला लावला. मामा हळूहळू मान हलवत राहिले. मला त्या मानेचा इतका राग आला की ट्रे आपटावासा वाटला.

पण मामांना तरी काय बोलायचं? मलाही तो पहिल्यांदा असाच दिसला होता. सकाळी कंपनीची बस आम्हा दिवसवाल्यांना गेटवर उतरवते आणि नाइटवाल्यांना घेऊन परत जाते. मी उतरत होते, तो चढत होता, आणि पायरीवर झोकांडी खाऊन थेट माझ्या अंगावर आला. "पिऊन कामावर येतात!" मी मोठ्यांदा म्हणाले. त्याने दांडा धरला आणि शांतपणे म्हणाला, "पिऊन न्हाई मॅडम, जागून." संध्याकाळपर्यंत ते मला टोचत राहिलं.

मामांनी टोपी सारखी केली. "कळवतो," ते म्हणाले.

आमच्याकडे 'कळवतो' म्हणजे नाही. सत्यजीतच्या वडिलांना ते समजलं. ते मुकाट्याने उठले. सत्यजीत दारात बसून बूट घालू लागला. मान खाली. काकांचं खोटं त्याला उघडं पाडता येत नव्हतं, माझं नाव येऊ देणार नाही असा त्याने शब्द दिला होता, आणि आता तो बेवड्याचा शिक्का घेऊन निघाला होता. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट साऱ्या पै-पाहुण्यांत गेली असती आणि हा मुलगा पुन्हा कधीच आमच्या दारात आला नसता.

"पिऊन न्हाई मामा, जागून," मी म्हणाले. "त्यांची सलग दुसरी नाइट हुती, मधला दिवसबी कंपनीतच."

आईच्या हातातली बशी तशीच राहिली.

"तुला काय म्हाईत?" मामांनी विचारलं.

सत्यजीतने पायातला बूट काढला आणि आत आला. "आम्ही दीड वर्ष एकमेकांला वळखतो, मामा. स्थळ मीच घालाया लावलं. काकांना बोल लावू नका."

"ऐकताय न्हवं, दाजी?" मामा माझ्या वडिलांवर उखडले.

वडील आतापर्यंत एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी सत्यजीतला जवळ बोलावलं. "शेवटचा कवा झोपलावता?"

"परवा दुपारी, आप्पा."

वडील मामांकडे वळले. "हौसराव, रातच्या लाइटीला उसाला पाणी देऊन आलो, की माझं डोळं असंच असत्यात. मला कवा कुणी बेवडा म्हणलं न्हाई. अनिता, पोरी, आतल्या खोलीत गादी टाक. असा जागलेला माणूस मी गाडीवं घालवणार न्हाई."

"आन् ह्या पोरीचं काय?"

"पोरीचं त्यो उठल्याव बोलू."

सत्यजीत आत गेला. दोन्हीकडची माणसं तशीच बसून राहिली. पुन्हा चहा झाला, तो कोणी धड प्यायला नाही. मी स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली अशा येरझाऱ्या घालत होते. बसवतही नव्हतं, उभंही राहवत नव्हतं.

मामा आता माझ्याकडे बघत होते. बाजारात नव्या आलेल्या जनावराकडे बघावं तसं, पायापासून डोक्यापर्यंत.

"एवढीशी हुती तवापास्नं बघतोय हिला," ते म्हणाले. "आन् मला वळखताच आली न्हाई."

मला ते फार लागलं. तरी मी मान खाली घातली नाही. आत सत्यजीत घोरायला लागला होता, आणि वडील उठून त्या खोलीचं दार आवाज न करता ओढून घेत होते.