कौशल्याने चारलेली सरकी

मी मेंढी बोलतेय, अमरावतीजवळच्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यातली. मेंढरांना डोकं नसतं म्हणणाऱ्यांनी खुशाल हसावं. पण माझ्या रक्तावाचून तिथल्या डॉक्टरांचं पान हलत नसे.

माझा जन्म बार्शीटाकळीच्या माळावर, एका धनगराच्या कळपात झाला. दवाखान्यातल्या शेषरावांनी मला विकत आणलं आणि पहिल्याच दिवशी माझी मान धरली. मानेला हात लागला की आमच्या जातीत त्याचा एकच अर्थ होतो. मी डोळे मिटले. पण सुरीऐवजी सुई आली, थोडं रक्त गेलं आणि वर हिरवा चाराही मिळाला!

माझ्या रक्तातल्या लाल पेशी धुऊन, त्यांना जंतूंचा अर्क लावून, त्या रोग्याचं रक्त गोठल्यावर वर सुटणाऱ्या पिवळसर पाण्यात मिसळत. ते पाणी एकेका नळीत अधिकाधिक पातळ केलेलं असे. जितक्या जास्त नळ्यांत पेशी एकमेकींना चिकटत, तितका रोगाशी झगडा अजून चालू. गोळ्या लागू पडल्या की चिकटणं कमी होई. ही परीक्षा नवी होती, म्हणून डॉक्टर कानाच्या पाळीतले जंतूही बघत.

परतवाड्याकडची कौशल्या इथे आली, तेव्हा कडेवरची लेक शालू सासूपाशी ठेवून आली होती. आता शालू शाळेत जायला लागली, तरी सासूचा निरोप एकच: रगत साफ झाल्याबिगर उंबरठा चढू नको.

दोनदा निकाल मनासारखा आला नाही, तेव्हा कौशल्याने सगळं खापर माझ्यावर फोडलं. "हे मेंढीच उपाशी असन, मंग रगत कसं चांगलं निघन?" पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी तिने मला टोपलंभर सरकी चारली. "खाय वं माय, माही लाज राख!"

मीही हावरट. पोटाचा नगारा झाला आणि रक्त घेणं राहिलं बाजूला. शेषराव ओरडले, "अवं बाई, रगत तुहं तपासतो, मेंढीचं नाही! कावून जीव घेतं तिचा?"

बिचारी रडायलाच लागली. कुणाला शिवायची तिला चोरी, त्यात बोटं आखडलेली. पण दिवसभर माझं पोट चोळत बसली. मला तो हात फार आवडला.

मी बरी झाल्यावर तपासणी झाली. फक्त पहिल्याच नळीत पेशी चिकटल्या, कानाची पाळीही स्वच्छ निघाली. डॉक्टर म्हणाले, "घरी जा. गोळ्या मात्र सोडू नको."

सासू, पार्वताबाई, शालूला घेऊन आली. डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं, पण बसली कौशल्यापासून दूरच. मला वाटलं, काही खरं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "लय उन्हाचं चालून आली. पाणी देतं का वं?"

कौशल्या जागची हलेना. बाहेरचं माणूस रोग्याच्या हातचं पाणी पिताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. शेवटी तिने तांब्या भरून दिला. म्हातारी घटाघटा अर्धा प्यायली आणि उरलेला नातीपुढे धरला. "पे वं शाले. तुह्या मायच्या हातचं हाय."

आता माझं वय झालं; रक्त द्यायला दुसरी मेंढी आलीय. तुमच्या गावी या दवाखान्यातून कुणी बरं होऊन आलं, तर एवढं करा. निकालाचं काम आम्ही केलेलं असतं. पाणी तुम्हीच मागायला हवं.