बोटं हिल्काची, साखर वेइक्कोची

मित्रांनो, मला अक्षरं येत नाहीत. आकडे तेवढे येतात, आणि त्यात मी आजवर एकदाही चुकलेले नाही. रक्तातली साखर मोजणारी मी एक जुनी मशीन आहे. मुठीत मावते, पाठीवर चरे पडलेत, पण दिमाख सोडलेला नाही. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब माझ्या तोंडातल्या पट्टीला लावायचा, की जरा वेळात मी साखर सांगते. इकडे फिनलंडमध्ये मोजमाप वेगळं, म्हणून आमचे आकडे लहान असतात. सहा म्हणजे उत्तम. दहाच्या वर गेलं की सांभाळा. पंधरा-सोळा रोजचेच झाले, तर डोळे आणि पाय आतून कुरतडले जातात, आणि आवाजही होत नाही.

दवाखान्यातल्या तुइया नर्सनं मला वेइक्कोच्या हातात दिलं. वेइक्को शाळेची टॅक्सी चालवायचा. जंगलातल्या लांबच्या घरांमधली चार पोरं सकाळी शाळेत न्यायची, दुपारी परत आणायची. तुइयासुद्धा लहानपणी त्याच्याच गाडीतून शाळेत गेलेली. तो इन्सुलिन घ्यायचा, म्हणून गाडी चालवायला दर वर्षी डॉक्टरांचं पत्र लागे. आणि पत्र हवं, तर माझ्या पोटात साठलेले आकडे दाखवावे लागत.

वेइक्कोला एका गोष्टीची भीती होती. गाडी चालवताना साखर एकदम उतरली आणि शुद्ध हरपली तर? भीती खोटी नव्हती. पण त्यासाठी तुइयाला विचारायचं सोडून त्यानं स्वतःच अक्कल चालवली. इन्सुलिन कमी टोचायचं, आणि कॉफीबरोबर वेलची घातलेले दोन गोड पाव हाणायचे. मग मी काय सांगणार? पंधरा. सतरा. सोळा.

"ही म्हातारी माझ्या वाईटावर टपलीय," तो बायकोला, हिल्काला म्हणायचा.

"पाव ती खाते की तू?"

"हसू नकोस. हे आकडे तुइयानं बघितले तर टॅक्सी गेली म्हणून समज."

"आणि मग दिवसभर घरात बसून माझं डोकं खाशील," हिल्का म्हणाली. "त्यापेक्षा पाव परवडले."

पण ती घाबरली होती. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आधी तिनं मला उचललं, वेइक्कोच्या देखत स्वतःचं बोट टोचलं आणि थेंब मला दिला. तिला मधुमेह नाही. साडेपाच, मी सांगितलं. रक्त कुणाचं, हे विचारायची सोय मला घडवणाऱ्यांनी केलेली नाही. शहाणे लोक!

"बघ, आता कशी ताळ्यावर आली!" वेइक्कोनं माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक. खरं बोलले तेव्हा शिव्या खाल्ल्या, आणि दुसरीच्या रक्तावर शाबासकी मिळाली.

पुढं वर्षभर हेच चाललं. दिवसातून चार वेळा हिल्काचं बोट. शेजारणी कॉफीला आल्या की वेइक्को माझे आकडे दाखवून छाती फुगवायचा, आणि हिल्का हात एप्रनखाली लपवून पाव वाढायची.

एप्रिलात त्यानं भर उजेडात, सरळ रस्त्यावर, कुणाची तरी टपालपेटी उडवली. गाडीत चारही पोरं होती.

"उन्हानं डोळे दिपले," तो घरी येऊन म्हणाला.

"आज ऊन कुठं होतं?" हिल्कानं विचारलं. संध्याकाळी तिनं मला पुन्हा आपलंच बोट दिलं. त्या दिवशी तिच्या दोन कानशिलात द्याव्यात असं मला वाटलं, पण देवानं हात दिले नाहीत.

मे महिन्यात दोघं दवाखान्यात गेली. तुइयाच्या एका हातात मी, दुसऱ्या हातात प्रयोगशाळेतल्या रक्ततपासणीचा कागद. त्या तपासणीत गेल्या तीन महिन्यांची साखर कळते.

"मशीनमध्ये सगळे सोन्यासारखे आकडे, आणि हा कागद म्हणतो साखर दुप्पट," ती म्हणाली. "मशीन बिघडलेली दिसते."

"बिघडलीच आहे!" वेइक्को घाईघाईनं म्हणाला. "मी पहिल्यापासून सांगतोय."

हिल्कानं हात पर्सखाली सरकवले.

तुइयानं बाटलीतल्या चाचणीच्या पाण्याचा थेंब मला लावला. त्याचा आकडा किती यायला हवा, ते बाटलीवर लिहिलेलं असतं. मी बरोब्बर तोच सांगितला. मग तुइयानं वेइक्कोचा हात उलटा केला. बोटं लोण्यासारखी, टोचल्याची एक खूण नाही. तिनं हिल्काचे दोन्ही हात हातात घेतले. दहाही बोटांवर काळे ठिपके.

"हे काय, हिल्का?"

"शिवणकाम."

"वेइक्को," तुइया हळूच म्हणाली, "सहा वर्षं मी तुमच्या शेजारच्या सीटवर बसून शाळेत गेले. आता तिथं कोण बसतं?"

"सेल्मा," तो म्हणाला. "सात वर्षांची आहे." आणि मग मान खाली घालून, "हे हिल्काच्या डोक्यातून निघालं."

हिल्का उठली, कोट घातला. "बोटं माझी टोचली, वेइक्को. डोळे तुझे गेले. आता खूळ कुणाचं ते तूच ठरव."

पत्र मिळालं नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं. टॅक्सी दुसऱ्याकडं गेली.

आता वेइक्को स्वयंपाकघरात बसून स्वतःचं बोट स्वतः टोचतो. इमानानं, चारही वेळा. पण माझ्या तोंडावरचा आकडा त्याला दिसत नाही.

"किती?" तो विचारतो.

मी चौदा दाखवत असते. हिल्का चष्मा लावून वाकते, बघते. खरं सांगितलं की तो जेवत नाही, दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसतो, हे तिला ठाऊक आहे.

"सात," ती म्हणते.

मित्रांनो, तुमच्या आजोबांना, आजीला माझ्यासारखीचा आकडा दिसत नसेल, तर तो तुम्ही वाचा. चौदा असेल तर चौदा म्हणा. आजी रागावेल, आजोबा ताट सरकवतील. सरकवू देत. तुम्ही पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हणा, चौदा.