टीलच्या पिशवीतलं जस्त

मर्डो गेडीसला अर्धांगाचा झटका आला आणि विंटनच्या वृद्धाश्रमात त्याची सोय करावी लागली. तेव्हा त्याच्या लॅब्रॅडॉर कुत्र्याचं, टीलचं, काय करायचं, हा प्रश्न थोरल्या मुलीपुढे, रेविनपुढे, उभा राहिला. रेविन शाळेची बस चालवायची. सकाळी शेताशेतांवरून पोरं गोळा करायची, दुपारी परत सोडायची, आणि मधल्या वेळात बापाचे कपडे, बापाची औषधं, बापाचं रिकामं घर. त्यात कुत्रा सांभाळणं आपल्याच्यानं होणार नाही, असं तिनं सगळ्यांना स्पष्ट सांगून टाकलं. तेवढ्यात धाकटी, लिनली, ब्रिस्बेनचा संसार मोडून गावी परत आली. "टीलला मी नेते," म्हणाली.

प्रश्न सुटला, आणि रेविनच्या पोटात दुखायला सुरुवात झाली.

ती रोज बापाकडे जायची. मर्डो खिडकीपाशी बसलेला असायचा. "आलीस का," एवढंच म्हणायचा आणि पुन्हा बाहेर बघायला लागायचा. ती घडी घालून कपडे ठेवायची, त्याची नखं कापायची, नर्सशी भांडायची. लिनली आठवड्यातून दोनदा उगवायची, तीही टीलला घेऊन. टील व्हरांड्यात आला की त्याच्या शेपटीचे फटके खुर्च्यांवर ऐकू यायचे आणि मर्डोचा वाकडा झालेला चेहरा सरळ व्हायचा. "आलीस का गं पोरी!" म्हणून तो ओरडायचा. रेविनला त्यानं 'पोरी' कधी म्हटलं होतं, ते तिला आठवत नव्हतं. लिनली केस कापायचं काम करायची. येताना कात्री आणायची आणि दोन-चार म्हाताऱ्यांचे केस फुकट कापून द्यायची. सगळा आश्रम तिच्या नावानं हुरळून जायचा.

"तुझी बहीण म्हणजे देवमाणूस गं," एक म्हातारी रेविनला म्हणाली. रेविन तेव्हा तिच्याच मोज्यांची जोडी शोधून देत होती.

उन्हाळा सरता सरता लिनलीच्या लक्षात आलं की टील पाणी फार पितो आणि त्याच्या बरगड्या हाताला लागतात. तिनं त्याला डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, लिव्हरचा तुकडा काढून तपासला. टीलच्या लिव्हरमध्ये तांबं साठत होतं. लॅब्रॅडॉरमध्ये असा दोष असतो म्हणे. इतर कुत्र्यांच्या अंगातून निघून जातं ते त्यांच्या अंगात साठून राहतं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि एक खास पिशवीतलं खाणं दिलं. याखेरीज काही म्हणजे काही द्यायचं नाही, असं बजावलं.

लिनली हे सांगताना रडली. मर्डोनं आपल्या चांगल्या हातानं तिचं डोकं थोपटलं. नर्सनं तिला चहा आणून दिला. आजारी कुत्रा होता आणि समजूत लिनलीची चालली होती. रेविन कपड्यांची पिशवी धरून दारात उभी होती. तिला बस म्हणायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही.

दोन दिवसांनी बापाची जुनी घोंगडी द्यायला ती लिनलीच्या घरी गेली. लिनली कामावर होती. मागचं दार उघडंच असायचं. धुण्याच्या खोलीत टीलच्या खाण्याची पिशवी होती. रेविननं चष्मा लावला आणि पिशवीच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. काहीतरी चुकीचं सापडावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

सापडायला वेळ लागला नाही. तांदूळ, अंडं, तेल इथवर ठीक होतं. पुढे जीवनसत्त्वांची लांबलचक रासायनिक नावं, तेल खवट होऊ नये म्हणून घातलेलं काहीतरी, आणि मग जस्त. एकदा नव्हे, दोन वेगवेगळ्या नावांनी. तिनं फोटो काढले आणि दुपारी शाळा सुटायची वाट बघत बसमध्ये बसल्या बसल्या फोनवर एकेक नाव शोधलं. कुणी म्हणत होतं, यातलं एक परदेशात माणसांच्या खाण्यात चालत नाही. कुणी म्हणत होतं, असल्या खाण्यानं माझा कुत्रा गेला. दुसरीकडे लिहिलं होतं, इतक्या थोड्या प्रमाणात काही होत नाही. ते तिनं वाचलं आणि पुढे सरकवलं.

संध्याकाळी ती बापाला म्हणाली, "डॅड, लिनली टीलला काय घालते बघितलंस का? नुसती रसायनं आहेत. जस्त आहे त्यात."

"जस्त?" मर्डो खुर्चीत सावरून बसला. "पत्र्यावर चढवतात ते?"

"तेच."

"कुत्र्याला पत्रा खायला घालते की काय ती!"

"मी फक्त वाचलं ते सांगितलं. उगाच तिच्यावर चिडू नकोस हं," असं रेविन म्हणाली खरी, पण तो चिडावा यासाठीच तर ती बोलली होती. त्या संध्याकाळी बाप तिच्याशी तासभर बोलला. आजवर पाळलेल्या सगळ्या कुत्र्यांची नावं घेतली. सगळे मेंढीच्या कलेजीवर वाढले आणि बदकांच्या मागे गारठलेल्या तळ्यात उड्या मारत म्हातारे झाले, म्हणाला. रेविन गाल हातावर टेकून ऐकत राहिली. अशी संध्याकाळ तिच्या वाट्याला फार दिवसांत आली नव्हती.

रविवारी लिनली आली तशी मर्डोनं तोफ डागली.

"फेकून दे ती पिशवी. खरं अन्न घाल त्याला. मटण घाल, कलेजी घाल."

"अरे डॅड, डॉक्टरनं दिलंय ते."

"डॉक्टरचं काय जातंय? पिशव्या विकायला बसलाय तो."

"तो नाही, ती आहे. नायरी नाव आहे तिचं."

"मग ती बसलीय. कुत्रा माझा आहे ना, लिनली? का तोही तुझा झाला आता?"

लिनलीनं रेविनकडे बघितलं. रेविन बाहेर गुलाबांच्या ताटव्याकडे बघत होती. लिनलीला बापापुढे लहानपणापासून 'नाही' म्हणता आलं नव्हतं. तेवढ्यासाठीच ती ब्रिस्बेनला पळाली होती, असं गावात बोललं जायचं. आठवड्याभरात टीलच्या भांड्यात नवीन खाणं आलं. आमच्याच भागात कुणीतरी बनवलेलं, वाळवलेलं मटण, हृदय आणि कलेजी, पिशवीवर हिरव्या टेकड्या, आणि एकही रसायन नाही असं मोठ्या अक्षरांत. टील ते अधाशासारखा खायचा. "बघा, कसा खातो आता!" मर्डो भेटेल त्याला सांगायचा. "आमच्या रेविननं पकडलं हो ते." आमच्या रेविननं! ती बस चालवताना ते शब्द मनात घोळवायची.

मे उजाडला, म्हणजे आमच्याकडे हिवाळ्याचं तोंड. बदकांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला आणि गावातले निम्मे पुरुष पहाटेपासून तळ्यांवर जाऊन बसू लागले. त्याच आठवड्यात एका दुपारी रेविननं शेवटचं पोर फाटकापाशी उतरवलं आणि फोन वाजला.

"रेविन, टीलचे डोळे पिवळे झालेत." लिनलीचा आवाज ओळखू येत नव्हता. "सकाळपासून ओकतोय. उभा राहत नाहीये. माझी गाडी गॅरेजमध्ये आहे गं."

"फाटकापाशी घेऊन थांब," रेविन म्हणाली आणि रिकामी बस तशीच वळवली.

दोघींनी मिळून टीलला घोंगडीत उचललं आणि बसच्या मधल्या वाटेत निजवलं. लिनली त्याच्याजवळ खाली बसली. रेविनला समोरच्या आरशात दोघं दिसत होती. टीलनं मान कशीबशी उचलली आणि लिनलीच्या मांडीवर टाकली. आणि अशा वेळीसुद्धा, रेविननं मला नंतर सांगितलं, तिला पहिल्यांदा वाटलं ते हेच: मी बस चालवतेय, आणि मांडी मात्र हिची.

नायरीनं टीलला तपासलं, सलाइन लावलं, आणि मग विचारलं, "काय खातोय हा?"

लिनलीनं हिरव्या टेकड्यांची पिशवी आणली होती. नायरीनं ती उलटी केली, दोन ओळी वाचल्या आणि डोळे मिटून घेतले.

"मेंढीची कलेजी. याच्याइतकं तांबं दुसऱ्या कशात शोधून सापडणार नाही. आधीचं का बदललंत?"

लिनली टीलच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. रेविननंच तोंड उघडलं. "त्यात रसायनं होती. जस्त होतं."

"जस्त मुद्दाम घातलेलं असतं," नायरी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण थकलेला होता. "आतड्यात ते तांब्याची वाट अडवतं. हे बघा, रसायनांना भिऊच नका असं मी म्हणत नाही. तेल टिकवायला घालतात ते मलाही फारसं आवडत नाही. त्याशिवायचं मिळालं तर घ्या. दुकानातल्या साध्या पिशव्यांत तर तांब्याचा क्षारसुद्धा वरून घातलेला असतो, तो याला विषच. पण प्रत्येक गोष्ट या कुत्र्यापुरती तोलायची असते. कारखान्यात बनलं म्हणून वाईट आणि मेंढीतून आलं म्हणून चांगलं, असं याच्या लिव्हरला कळत नाही."

टीलला तिथेच ठेवून घेतलं. परतताना लिनली पुढच्या सीटवर बसली, शाळेतली बारकी पोरं बसतात तिथे.

"जस्ताचं डॅडच्या कानात मी घातलं," रेविन म्हणाली.

"माहितेय."

"कुणी सांगितलं?"

"त्यानंच. रेविननं वाचलंय म्हणजे खरंच असणार, म्हणाला." लिनली खिडकीबाहेर बघत होती. "मी नायरीशी तासन्‌तास बोलले होते, रेविन. सगळं समजून घेतलं होतं. त्यानं माझा एक शब्द ऐकला नाही. तू एकदा बोललीस आणि काळ्या दगडावरची रेघ! आयुष्यभर हेच. मी आले की तो हसतो, टाळ्या वाजवतो. मी म्हणजे सर्कस. पण विचारायचं असलं काही की रेविनला विचार."

आपला कुणी हेवा करावा असं आपल्याजवळ काही असेल, हे रेविनच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तिला बहिणीची कीव आली. आणि खरं सांगायचं तर थोडी गुदगुल्यांसारखी खुशीही झाली, आणि त्या खुशीची लगेच लाज वाटली.

"मला शिव्या तरी घाल," ती म्हणाली.

"रस्त्याकडे बघ. मेंढ्या आल्यात पुढे," लिनली म्हणाली.

बापाला सांगायला रेविन एकटी गेली. आपण अर्धवट वाचलं आणि मुद्दाम सांगितलं, हे दोन्ही तिनं सांगितलं. मर्डोनं खिडकीवरून नजर काढली.

"मुद्दाम का?"

"तिला तू पोरी म्हणतोस."

म्हाताऱ्याला ते नीट कळलं की नाही, देव जाणे. "ती धाकटी आहे," एवढंच तो म्हणाला. मग टील जगेल का, म्हणून विचारलं आणि रुमाल शोधू लागला. रेविननं तो काढून दिला.

टील जगला. बरा झाला असं म्हणता येणार नाही. थंड तळ्यात उडी मारायचे त्याचे दिवस गेले. पण डोळ्यांचा पिवळेपणा उतरला, तपासणीतले आकडे हळूहळू खाली आले. जुनी पिशवी त्याला आता नकोशी झाली होती, म्हणून नायरीनं घरी शिजवायची परवानगी दिली: सफेद मासा, भात, थोडा भोपळा, आणि वरून तिनं दिलेली पूड. त्या पुडीत जस्तासकट सगळी लांबलचक नावं होती. बुधवारचं आणि शनिवारचं रेविन शिजवायची, बाकीचं लिनली.

हिवाळ्यात लिनलीला एका लग्नासाठी डनेडिनला जावं लागलं. टील दोन दिवस रेविनकडे राहायला आला. आल्यापासून तो दाराशी बसला. रेविननं मासा शिजवला, पूड कालवली, भांडं पुढे ठेवलं. त्यानं वासही घेतला नाही. रस्त्यावरून गाडी गेली की कान टवकारायचा, मग मान टाकायचा आणि घशातल्या घशात रडायचा. शेवटी रेविन मांडी घालून त्याच्याशेजारी जमिनीवर बसली आणि घास करून भरवायला लागली. "खा रे माझ्या राजा. मी पण घरातलीच आहे." त्यानं तिच्या हातून सगळं खाल्लं, तिची बोटं चाटली, आणि पुन्हा दाराकडे तोंड करून बसला.

जेवणाच्या सुमारास लिनलीचा फोन आला. मागे लग्नाचा गोंगाट चालला होता.

"खाल्लं का त्यानं?"

"सगळं."

"पूड घातलीस ना?"

"घातली गं बाई."

"आणि... माझी आठवण काढतोय का?"

रेविननं दाराकडे पाहिलं. टील फटीला नाक लावून बसला होता.

"छे," ती म्हणाली. "मजेत आहे. तुझं नावसुद्धा घेत नाही."

"बरं," लिनली म्हणाली, आणि तिचा आवाज उतरला. रेविननं फोन ठेवला, उशी उचलली आणि टीलच्या शेजारी जाऊन बसली.