पाचाच्या पटीत

"पंधरा कमी!" काकांनी रक्तदाबाच्या गोळ्यांची बरणी टेबलावर आपटली. "सोमवारी दहा, काल वीस. बरणीला पाय फुटलेत का गं?"

दवाखान्याच्या औषधखिडकीवरची मुलगी पाकिटं चिकटवत राहिली. "रक्तदाबाच्या गोळ्या चोरून कोण श्रीमंत झालंय, काका?"

तीस वर्षं औषधं देऊन काकांचा संशय चांगला मुरला होता. साखर डोळ्यांदेखत पडली तरी चहा चाखल्याशिवाय ते मानत नसत. आणि इथे तर चोर उघड होता. बाहेरचा माणूस मूठभर उचलेल. पाचाच्या पटीत नेणार नाही. पट्टीने पाच-पाच गोळ्या सरकवून मोजायची सवय या खोलीत दोघांनाच. त्यातले एक स्वतः काका. दोन दिवस त्यांनी स्वतःवरही नजर ठेवून पाहिली होती.

शिवाय तिचा हात. पाकीट भरता भरता ॲप्रनच्या खिशात जायचा. सकाळपासून एकसष्ट वेळा.

"खिसा दाखव."

तिने फोन काढून ठेवला, खिसा उलटा केला. दुसरं काही नव्हतं.

"मग गोळ्या कुठेत?"

ती फोनकडे बघत राहिली. "मी घेतल्या. घरी नेल्या. लिहा तसं."

काकांनी पेनचं टोपण काढलं, पण पेन टेकवेना. इतक्या पटकन कबूल होणारा चोर त्यांना भलताच संशयास्पद वाटला.

तेवढ्यात खिडकीशी एक आजी आल्या. "पाकिटावर तीस लिहिलंय बाळा, निघाल्या पंचेचाळीस. डॉक्टरांनी वाढवल्यात का?"

काकांनी मोजून पंधरा काढून घेतल्या. "नाही हो आजी. रोज एकच."

आजी गेल्यावर त्यांनी टोपण लावलं. "चोरी केली नाहीस, तर आळ अंगावर कशाला घेतलास?"

"चोरी म्हटलं की तुम्ही म्हणणार, पुन्हा करू नकोस. मी हो म्हटलं असतं." ती नखाने चिकटपट्टी खरवडू लागली. "हे पुन्हा करणार नाही, असं म्हणता येत नाही, काका. फोटो टाकलाय, कुणी बघितला का ते बघते. मोजता मोजताच हात जातो. मग वीस झाल्या होत्या की पस्तीस, आठवत नाही."

"कुणी म्हणजे कुणी?"

"कुणीही."

काकांनी परत आलेल्या पंधरा गोळ्यांकडे पाहिलं. "जास्त गेल्या, त्या आल्या परत. ज्याला कमी गेल्या, तो काय घेऊन येणार?"

तिचं नख चिकटपट्टीवर थांबलं.

"आठवड्याची यादी काढ. एकेकाला बोलवावं लागेल. तुझं काय करायचं ते त्यानंतर बघू."

तिने यादी काढली. मग आज भरलेली, अजून न दिलेली पाकिटं पुढे ओढली आणि फोन काकांकडे सरकवला. काकांनी तो खणात टाकून किल्ली फिरवली.

ती मोठ्याने मोजू लागली. "पाच. दहा. पंधरा. वीस. पंचवीस..."

खणात फोन थरथरला. पट्टी थांबली. तिचा हात रिकाम्या खिशापर्यंत जाऊन आला. किती झाल्या ते काकांना ठाऊक होतं. ते यादीत डोकं घालून बसले.

तिने मोजलेल्या गोळ्या पुन्हा ढिगात लोटल्या.

"पाच."