कंबरेच्या उंचीची रिळं

बोटीच्या छताला उलटी टांगलेली ती दोन रिळं वहिनीने कधी फिरवली नव्हती, कारण तिचा हात तिथवर पोचतच नव्हता. टाचा उंचावल्या तर बोटांची टोकं जेमतेम मुठीला लागायची, आणि बोट जरा डोलली की तेही नाही. तिचा नवरा उंचापुरा. धाकटा दीर तर त्याहून वीतभर उंच, धक्क्यावर त्याला सगळे शिडीच म्हणत. उंच माणसांनी उंच माणसांसाठी बोटी बांधायच्या आणि मग बुटक्यांना हे जमत नाही म्हणून हसायचं, हा जगाचा रिवाज वहिनीच्या जुना ओळखीचा होता. आजवर तिने तो मनाला लावून घेतला नव्हता, एवढंच.

मनाला लावून घ्यायची वेळ आली ती नवऱ्याच्या खांद्यामुळे. खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, या वर्षी तर बोटीचं नावच नको. नवरा खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींवर टीका करू लागला. बोट धक्क्याला नुसती बांधून राहिली.

आता या बोटीचं काम काय, तर हौशी गिऱ्हाइकांना खोल समुद्रात मोठ्या माशाच्या शिकारीला न्यायचं. मासा म्हणजे शीडमासा, तलवारीसारख्या चोचीचा, अंगात आलं की पाठीवरचं शीड उभारणारा. बोटीच्या दोन्ही अंगांना दोन लांब काठ्या असतात, त्यांना आउटरिगर म्हणतात. बंदरात त्या उभ्या मिटलेल्या, समुद्रात गेलं की कपडे वाळत घालायच्या बांबूंसारख्या बाहेर काढायच्या. काठीवरच्या काचेच्या कडीतून एक दोरी पाण्यात जाते आणि तिच्या टोकाला असतो टीझर, रंगीत झालरीचं एक सोंग. त्याला गळ नसतो. त्याने फक्त माशाच्या खोड्या काढायच्या. मासा चिडून मागे लागला की कप्तानाने रीळ भराभर फिरवून टीझर बोटीकडे ओढायचा, मासा पाठोपाठ येतो, आणि मग गिऱ्हाइकाने त्याच्या तोंडासमोर गळाचं आमिष टाकायचं. टीझर क्षणभर जरी थांबला तरी मासा तो चावून बघतो, आपण फसलो हे त्याला कळतं आणि तो रामराम ठोकतो. म्हणून टीझरचं रीळ कप्तानाच्या हातात असतं, दुसऱ्या कोणाच्या नाही.

एका दुपारी शिडी घरी आला. बोट अशी ठेवली तर सडेल, मी चालवतो, वहिनींनी फोनवर गिऱ्हाइकं घ्यावीत, असं त्याचं म्हणणं. त्यात वाईट हेतू नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो घरावर उपकार करतोय, आणि अशा माणसाशी भांडणं फार कठीण असतं. नवऱ्याने अर्धवट बाजू घेतली. ती चालवते की बोट, परवाना आहे तिचा, असं तो म्हणाला.

"चालवणं वेगळं, दादा," शिडी म्हणाला. "रीळ कोण फिरवणार? वहिनी स्टुलावर चढणार?"

दोघे भाऊ हसले. मग हसण्याहसण्यातच त्यांनी अट ठरवली. महिनाअखेर हेडमास्तर येणार होते. निवृत्तीनंतर दरवर्षी ते स्वतःचा गळ घेऊन यायचे आणि दरवर्षी रिकाम्या हाताने परत जायचे. त्या दिवशी वहिनीने स्वतः रीळ फिरवून एक शीडमासा बोटीच्या कडेला आणून दाखवला तर बोट तिची. नाही आणला तर शिडीची. भावांनी हातावर हात मारला. वहिनी तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभी राहून कांदा चिरत होती. बोटीच्या कागदावर नवऱ्याच्या जोडीने तिचंही नाव होतं, पण ते त्या घटकेला कोणाच्या लक्षात नव्हतं. कांदा चिरून झाला, तिने सुरी धुतली, आणि मग कुठे तिच्या तळपायाची आग मस्तकात पोचली.

दुसऱ्या दिवशी ती फिटरच्या शेडमध्ये गेली. छतावरची रिळं काढून खाली लावून द्या, म्हणाली. फिटरने चष्मा कपाळावर चढवला. रिळं छतालाच असतात, त्याने समजावलं. तीस वर्षं तो ती तिथेच लावत आला होता आणि एकाही कप्तानाने तक्रार केली नव्हती.

"तीस वर्षांत तुमच्याकडे बुटका कप्तान आलाच नसेल," वहिनी म्हणाली.

फिटर बराच वेळ डोकं खाजवत राहिला. शेवटी त्याने ड्रिल मशीन तिच्या हातात दिलं आणि सांगितलं की भोकं तुमची तुम्ही पाडा, कोणी विचारलं तर माझं नाव घेऊ नका. वहिनीने मशीन पिशवीत टाकलं. तिला तेवढंच हवं होतं.

वहिनीचा धंदा शिवणकामाचा. धक्क्यामागच्या खोलीत दोन जाडजूड मशिनं टाकून ती बोटींची छतं, गाद्या, पडदे शिवायची. आयुष्यभर तिने बॉबिनवर दोरा भरला होता आणि दोरा कुठे घासतो, कुठे अडतो, कुठे एकाच बाजूला साचून गुंता करतो, हे तिच्या बोटांना पाठ होतं. छत ज्या पाइपांवर उभं असतं, त्यातले दोन सुकाणूच्या अगदी उजव्या-डाव्या हाताला होते. तिथे, बरोबर आपल्या कंबरेच्या उंचीला, तिने एकेक रीळ पट्टीने आवळलं. दोरी पाइपाला धरून वर नेली, छताच्या कोपऱ्यातल्या पुलीवरून वळवली आणि तिथून काठीवरच्या कडीत घातली. सुकाणूशी उभी राहून कोपर न उचलता तिला दोन्ही रिळं फिरवता येत होती. ते पाहून ती एकटीच हसली.

हसू संध्याकाळपर्यंतच टिकलं. टीझरच्या जागी पाण्याने भरलेली बादली बांधून तिने बंदरातल्या बंदरात बोट चालवून पाहिली, तर ओढ बसताच डावं रीळ पट्टीसकट पाइपाभोवती गरकन फिरलं आणि तिच्या मनगटावर आदळलं. धक्क्यावर बसलेल्यांची करमणूक झाली. स्टूलच बरं होतं, असा कोणीतरी सल्लाही दिला. वहिनीने वर पाहिलं नाही. सुजलेल्या मनगटाला फडकं गुंडाळून तिने जुन्या रबरी पायपुसण्याची पट्टी कापली, ती पाइप आणि पट्टीच्या मध्ये दाबली, आरपार एक बोल्ट घातला आणि बादली पुन्हा पाण्यात सोडली. रीळ जागचं हललं नाही. पण आता दोरी रिळाच्या एकाच अंगाला साचू लागली. हा रोग तिच्या चांगला ओळखीचा होता. तिने पुली चार बोटं आत सरकवली, दोरी रिळाच्या बरोबर मधोमध उतरायला लागली आणि एकसारखी भरत गेली. त्या आठवड्यात तिने बादली किती वेळा ओढून आणली याचा हिशोब नाही. शेवटी शेवटी ती डोळे मिटूनही सांगू शकत होती की बादली बोटीपासून किती हातांवर आहे.

नवरा एकदा धक्क्यावर येऊन बघून गेला. दिसायला बरं नाही दिसत, एवढंच म्हणाला. दिसण्याचं खातं तुमच्याकडेच राहू द्या, वहिनी म्हणाली.

हेडमास्तर ठरल्या दिवशी उजाडता उजाडता हजर झाले. खलाशी म्हणून शिडी आला. निघण्याआधी वहिनीने त्याला साफ सांगितलं की रीळ आणि दोरी यांना हात लावायचा नाही, त्याने फक्त हेडमास्तरांच्या गळाचं बघायचं. शिडीने मान डोलावली, पण कंबरेला लटकलेल्या त्या रिळांकडे पाहून त्याला हसू आवरेना. गाईचं दूध काढायला बसल्यासारखं वाटत नाही ना, त्याने विचारलं. हेडमास्तरांनाही हसू आलं, पण त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं.

किनारा दिसेनासा झाल्यावर वहिनीने काठ्या बाहेर काढल्या आणि दोन्ही टीझर सोडले. तीन तास काही घडलं नाही. ऊन चढलं, हेडमास्तर पेंगले, शिडीने दोनदा घड्याळ पाहिलं. वहिनीची नजर टीझरवरून हलली नाही.

मग डाव्या टीझरमागचं पाणी तपकिरी झालं.

"डावीकडे," वहिनी म्हणाली आणि तिचा डावा हात फिरू लागला. पाण्यातून चोच वर आली, टीझरवर एक फटका बसला, शीड उभं राहिलं. हेडमास्तर गळ घेऊन धडपडत मागे आले. मासा चिडला होता, टीझरच्या मागे मागे येत होता, पंचवीस हात, वीस हात. आणि शिडीचा हात वर गेला.

त्याने मुद्दाम केलं नाही. वीस वर्षं याच्या-त्याच्या बोटी चालवताना मासा दिसला की त्याचा हात छताकडेच गेला होता. आज छताला रीळ नव्हतं, धावती दोरी होती, आणि त्याच्या मुठीत तीच आली. टीझर जागच्या जागी थांबला. माशाने तो तोंडात घेतला.

"भाऊजी, हात सोडा," वहिनी म्हणाली.

शिडी आपल्याच हाताकडे बघत राहिला. दोरी त्याच्या मुठीत कचकचत होती.

"सोड म्हणते ना!"

लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि दिराला अरे-तुरे करायची ही तिची पहिलीच वेळ. त्याने हात सोडला. तोवर माशाने टीझर थुंकला होता आणि पाण्यावर एक भोवरा तेवढा उरला होता. गेला, असं हेडमास्तर पुटपुटले.

वहिनीने ते ऐकलं नाही. डावं रीळ भरून तिने टीझर पाण्याबाहेर काढला, सुकाणू वळवलं आणि उजवा टीझर त्याच भोवऱ्यावरून ओढत नेला. एक हात सुकाणूवर, दुसरा उजव्या रिळावर. ती दोरी सोडत होती, थांबत नव्हती, पुन्हा ओढत होती. ज्याला एकदा फसवलं त्याचा राग अजून गेला नसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तिचाही गेला नव्हता. मासा दुसऱ्यांदा वर आला तो आधीपेक्षा दुप्पट चिडून. शिडीचे दोन्ही हात आता कठड्यावर घट्ट होते. मासा पंधरा हातांवर, दहा हातांवर आला, तेव्हा वहिनीने आमिष टाकायला सांगितलं. हेडमास्तरांनी टाकलं, तिने टीझर झटक्यात वर उचलला, आणि माशाने समोर आलेली खरी वस्तू गिळली.

पुढची वीस मिनिटं हेडमास्तर आपलं वय विसरले. मासा चार वेळा पाण्याबाहेर उडाला. वहिनी बोट मागे घेत राहिली, दोरी सैल पडू देत नव्हती. मासा इतका जवळ आला की त्याच्या अंगावरच्या निळ्या रेघा मोजता आल्या असत्या. मग त्याने एकदा मान झटकली, गळ सुटला आणि तो शांतपणे खाली निघून गेला.

हेडमास्तर खाली बसले. डोळे ओले होते, पण दुःखाने नव्हे. पुढच्या रविवारी जागा आहे का, असं त्यांनी विचारलं, आणि विचारताना ते शिडीकडे नाही, वहिनीकडे बघत होते. आहे, ती म्हणाली.  परतीच्या वाटेवर वहिनीला रडू येत होतं. रडणं तिने बंदरापर्यंत लांबवलं आणि बंदर आलं तेव्हा त्याची जागा दुसऱ्याच कशाने तरी घेतली होती.

धक्क्यावर नवरा उभा होता. आणला का, त्याने विचारलं.

"बोटीच्या कडेशी आल्यासारखा होता, पण सुटला," शिडी म्हणाला. मग खाली बघत त्याने भर घातली, "आधी एकदा माझाही हात आड आला. पण अट ती अट, दादा."

नवऱ्याने वहिनीकडे पाहिलं. त्याच्या नजरेत कीव होती. "जाऊ दे गं," तो म्हणाला, "तू प्रयत्न केलास."

वहिनीने इंजिन बंद केलं.

"अट कोणी लावली होती?" तिने विचारलं.

"आम्ही... म्हणजे आपण..." नवरा म्हणाला.

"तुम्ही दोघांनी. माझ्या बोटीवर, माझ्या देखत, मला न विचारता. तेव्हा तुमच्यातलं कोण हरलं आणि कोण जिंकलं, ते घरी जाऊन तुम्ही दोघं ठरवा. मी काही लावलं नव्हतं, माझं काही जात नाही. बोट मी चालवणार. मासा आला तरी, सुटला तरी."

हेडमास्तर गळाची पिशवी छातीशी धरून जागीच थांबले.  नवऱ्याचं लक्ष त्या दोन रिळांकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

"उद्या दोन गिऱ्हाइकं आहेत," वहिनी शिडीला म्हणाली. "मला खलाशी लागणार. तुम्हाला यायचं तर या, नाही तर मी दुसरा बघते."

 आपल्या लांब हातांचं काय करावं हे शिडीला सुचत नव्हतं.

"किती वाजता?" त्याने विचारलं.

"सहाला बोट सुटते," वहिनी म्हणाली. "थांबणार नाही."