सातवांच्या दारावरचं दुसरं नाव

मी सातवांच्या दाराशेजारची पाटी बोलतेय. दगडाला कसला आलाय धक्का, असं तुम्ही म्हणाल. पण मला बसला, आणि अजून उतरलेला नाही. त्या दुपारी मी भिंतीवरून खाली आले नाही, ती निव्वळ चार स्क्रूंची कृपा.

जन्मानं मी काळा ग्रॅनाइट. खामगावात कुणाच्या तरी स्वयंपाकाच्या ओट्यासाठी आणलेल्या फरशीचा उरलेला तुकडा. माझ्या बहिणी शेगडीखाली गेल्या आणि मी पाटीवाल्याच्या दुकानात धूळ खात पडले. एक दिवस देवानंद सातव आला. वरवट बकालच्या बाजूला त्याचा भाजीचा मळा. वांगी बाजारात टाकून रिकामे क्रेट घेऊन घरी निघाला होता. पाटीवाल्यानं नावं विचारली तशी स्वारी लाजली. म्हणाला, माझं लिहा आणि खाली बायकोचं. ग्रामपंचायतीत घरावर तिचं नाव चढवायला दिलंय. घराला पाणी तिनंच मारलं, विटा तिनंच वाहिल्या, मग दारावर मी एकटाच कसा?

मला तो माणूस तिथंच आवडला. माझ्या अंगावर सोनेरी अक्षरं उमटली. वर ‘देवानंद सातव’, खाली ‘संजीवनी देवानंद सातव’.

दारावर लागले तेव्हा देवानंदच्या आईनं, अंबूबाईनं, नाक मुरडलं. बाईचं नाव दारावर लावायला ती काय सरपंच आहे, असं म्हणाली. पण चार दिवसांत तीच येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून मला दाखवू लागली. तिला वाचता येत नाही. बोट मात्र बरोबर खालच्या ओळीवर ठेवायची. आलेले लोक वरचं नाव वाचून आत जायचे आणि म्हातारी त्यांना परत बोलावून खालचं वाचायला लावायची.

संजीवनी सकाळी अंगण झाडून झालं की पदरानं मला पुसायची. खालच्या ओळीवर तिचा हात जरा अडखळायचा. मला वाटायचं, आनंदानं. दगडच मी. मला काय कळणार?

मग ती दुपार आली. देवानंद शेगावला माल घेऊन गेला होता. अंबूबाई आणि शेजारच्या भिमाबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. ग्रामपंचायतीचे शिपाई उकंडराव घराचा नवा उतारा घेऊन आले. अंबूबाईला कुठला दम निघतोय? दोन्ही नावं मोठ्यानं वाचा म्हणाली, शेजाऱ्यांनाही ऐकू जाऊ द्या. उकंडरावांनी चष्मा सावरला, घसा खाकरला आणि वाचलं, घरमालक देवानंद सातव आणि छाया देवानंद सातव.

मेथीची जुडी भिमाबाईंच्या हातातच राहिली. उकंडरावांनी कागद पुन्हा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. पाटीवर तर संजीवनी आहे, असं पुटपुटले. म्हणजे त्या घराविरुद्ध साक्षीदार मीच! माझ्या अंगातून गार कळ गेली. विटा हिनं वाहिल्या आणि घरावर नाव भलतीचंच? असल्या माणसाचं नाव मी इतके दिवस छातीवर मिरवत होते?

“कोन व्हय वं हे छाया?” भिमाबाईंनी हळूच विचारलं. त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवर पोचते, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. उकंडराव बिचारे चपला शोधायला लागले.

अंबूबाई उठली. तिनं सुनेला हाक मारली. संजीवनी कणकेच्या हातांनीच बाहेर आली. तिनंही आतून सगळं ऐकलं होतं. चेहरा पांढराफटक पडला होता. अंबूबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं. सुनेची बाजू घेऊन पोटच्या पोरावर उठलेली सासू मी पहिल्यांदाच पाहत होते.

“मी जित्ती हाय तवर थ्या छायाले या घरात पाय ठेवू देत नाही. हे घर तुह्यं हाय.”

 संजीवनी म्हणाली, “आत्याबाई, थे छाया मीच व्हय.”

अंबूबाईच्या हातातून मनगट सुटलं.

लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. ते नाव अंबूबाईनंच निवडलं होतं. छाया म्हणजे सावली, नव्या घरावर सावली नको, असं तिचं म्हणणं. त्या दिवसापासून छायाला कुणी छाया म्हटलं नाही, माहेरच्यांनीही नाही. शाळेच्या दाखल्यावर आणि त्यावरून काढलेल्या आधार कार्डावर तेवढं ते राहिलं. ग्रामपंचायतीत देवानंदनं ते कार्ड दिलं. पाटीवाल्याला घरात हाक मारायचं नाव सांगितलं. पाटी कोरणाऱ्याला आधार कोण दाखवतो? आणि जिनं नाव पुसलं, ती तर ते साफ विसरून गेली होती.

अंबूबाई भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, “माहं बी माहेरचं नाव शालू व्हतं. आता थ्या नावानं हाक मारनारं कोनी उरलं नाही.”

देवानंद आला तेव्हा तिघींनी त्याच्यापुढे उतारा धरला. सगळं ऐकून तो कपाळाला हात लावून बसला. पाटीवर कुठलं नाव हवं हे तिला विचारायचं आपल्याला सुचलं कसं नाही, हेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला फोडून नवी करतो म्हणाला. माझा तर जीवच गेला. पण छायानं त्याला अडवलं.

“फोडू नका. मांगच्या बाजूनं कोरून आना. संजीवनी भिंतीकडं राहू द्या, थे बी मीच व्हती.”

आता माझी खडबडीत पाठ घासून तुळतुळीत झाली आहे. तिच्यावर देवानंद आणि छाया. संजीवनी भिंतीला गाल लावून आहे. सिमेंटचा गारवा तिला लागतो, मला कळतो. तुम्हाला एकच विनवणी आहे. पाटी करायला टाकाल तेव्हा घरातल्या बाईला तिचं नाव विचारा. इतकी वर्षं सोबत राहिलो, आपल्याला माहीत आहेच, असं समजू नका.

परवा सकाळी छाया मला पुसत होती. अंबूबाई मागे येऊन उभी राहिली. शालू लिहिल्यावर कसं दिसतं, असं तिनं विचारलं. छायानं पाण्यात बोट बुडवून माझ्या खालच्या मोकळ्या जागेत दोन अक्षरं काढली. अंबूबाईनं ती डोळे बारीक करून पाहिली.

ऊन चढलं होतं. अक्षरं लगेच वाळली. म्हातारी तरी तिथंच पाहत उभी होती.