न घासता परत आलेली देग

अकोल्यात जमातीच्या लग्नांत बिर्याणी शिजवायला लागणाऱ्या भल्यामोठ्या देगी अब्दुल गफ्फार यांच्या ताब्यात असत. नियम एकच: देग कोणीही न्यावी, पण घासून परत आणावी. खरवड चिकटलेली देग आली तर गफ्फारचाचा नेणाऱ्याच्या आजोबांपर्यंतचा उद्धार करत, आणि पुढच्या लग्नाला त्यालाच पुन्हा देग देत.

त्यांची लेक फलक वेबसाइटी बनवायची. कोडचा जो उपयोगी तुकडा हाती लागला तो तिनं साठवला होता: फॉर्म कसा करावा, फोटो कसे सरकवावेत, शिवाय नवा सर्व्हर कसा मांडावा याच्या टिपा, 'इथं दम धर, लाईन जाते' अशा विजेबद्दलच्या सूचनांसकट. या साठ्याचं नावही तिनं 'देग'च ठेवलं. अकोला-अमरावतीचे तिचे दोस्त त्यातून उचलत, सुधारत आणि परत टाकत. नियम बापाचाच: आपलं नाव-पत्ता पुसून मगच परत टाकायचं.

दसरा उद्यावर आला होता. बार्शीटाकळीच्या गोवर्धननं यंदा कपाशीऐवजी झेंडू लावला होता. कपाशीचं काय झालं यावर एक समिती बसली होती, ती अजून उठलेली नव्हती. मागच्या दसऱ्याला बाजारात लोकांनी न खपलेली फुलं रस्त्यावर ओतली, ते गोवर्धननं उभं राहून पाहिलं होतं. म्हणून फलक म्हणाली, "काका, वेबसाइटवर आधीच ऑर्डरी घेऊ, लोक येऊन नेतील," तेव्हा तो लगेच तयार झाला. दुकानादुकानांत साइटचा पत्ता छापलेले कागद वाटले, काल संध्याकाळी साइट सुरू झाली, आणि आज भल्या पहाटे त्यानं सगळा झेंडू तोडून टेम्पोच तिच्या दारात आणून लावला.

"किती ऑर्डरी आल्या, बेटा?"

फलकनं मेल उघडली. एकही नव्हती.

"येऊन राहिल्या, काका."

गोवर्धन पोत्यांवर पाणी शिंपडायला गेला. उद्या दुपारनंतर या फुलांना बकरीसुद्धा हुंगणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

फलकनं टिपा वरून खाली वाचत एकेक गोष्ट तपासली. सर्व्हर चालू. साइट चालू. फॉर्म भरला की 'धन्यवाद' असंही नीट उमटत होतं. गोवर्धननं दारातून डोकं घातलं. "आली का?" थोड्या वेळानं पुन्हा. तिसऱ्यांदा तो मान टाकलेलं एक फूल उंबऱ्यावर ठेवून गेला. ते जास्त वाईट होतं.

"अब्बा, लाईन कधी जाते?"

"जाऊनच राहिली समज," गफ्फारचाचा चहा ठेवत म्हणाले.

फलकनं स्वतःच्या नावानं दहा किलोची ऑर्डर टाकली. तिच्या मेलमध्ये ऑर्डर आलीच नाही, पण एक उत्तर मात्र आलं:

'अभिनंदन! आपला प्रवेश निश्चित झाला आहे. दोन पासपोर्ट फोटो घेऊन यावे.'

खाली अमरावतीच्या एका शिकवणीवर्गाचं नाव होतं. त्या वर्गाची साइट तिच्या दोस्तानं, मनोजनं केली होती, आणि फॉर्मचा तुकडा शेवटचा त्यानंच परत टाकला होता. तिनं तुकडा उघडला. ऑर्डर जिथं पाठवायची त्या जागी मनोजचा मेल-पत्ता जसाच्या तसा चिकटलेला होता.

तेवढ्यात लाईन गेली. फलकनं मोबाइल उचलला.

"मनोज, देग घासून काहून नाही ठेवली रे?"

"कोणती देग?"

"तुले झेंडूच्या मेल येऊन राहिल्या का?"

"हो ना बाप्पा! कालपासून. मले वाटलं, पोट्टे मस्ती करून राहिले. एकानं तर वीस किलो मागतला."

"मंग तू काय केलं?"

"म्या काहीच नाही केलं. मशीनच सगळ्याइले प्रवेश देऊन राहिली."

"आता एकेकाचा फोन नंबर वाच. अन् तुह्याकडली लाईन जायच्या आत वाच."

मनोज वाचत गेला, फलक वर्तमानपत्राच्या कडेला लिहीत गेली. मग तिनं गोवर्धनला खरं सांगितलं. "काका, चूक मनोजची, पण आत न पाहता देग चुलीवर चढवली म्या."

गोवर्धननं पाण्याची बादली आपटली. गफ्फारचाचांनी आपला मोबाइल काढून त्याच्या हातात दिला. "नंतर रागाव. आधी अर्धे नंबर तू लाव."

कुणी सांगितलं, आता घेतली दुसरीकडून. कुणी फोनच उचलला नाही. पण मग एक किराणावाला आला, एक गॅरेजवाला आला, देवळाचे लोक रिक्षा घेऊन आले, आणि पोती उतरू लागली. दुपार कलली तेव्हा टेम्पोच्या तळाशी एकच पोतं उरलं होतं.

तेव्हा एक पोक्त गृहस्थ सायकल टेकवून आत आले. खिशातून पाकीट काढून त्यांनी फलकपुढं धरलं.

"पाच किलो झेंडू सांगितला होता. हे फोटो. या वयात पासपोर्टचे काढायले लावले तुमी. फोटोवाला हसून राहिला होता."

फलकला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. गोवर्धननं मात्र फोटो हातात घेऊन गंभीरपणे निरखले, आणि सदऱ्याच्या खिशात घातले.

"राहू द्या माह्याजवळ," तो म्हणाला. "पुढच्या दसऱ्याले तुमाले डायरेक्ट दुसऱ्या वर्षात घेऊ."